इंजेक्शन पावणेबाराला दिलं, कागदावर दहा: परिचारिकेची जबाबदारी कुठून कुठपर्यंत

प्रश्न असा आला आहे: "जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन आठ महिने झाले. समुद्रकाठच्या एका गावात १५ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात आहे. रात्रपाळीला नोंदणी असलेली नर्स मी एकटीच. सोबत कामावर शिकलेली एक मुलगी आणि एक मावशी. डॉक्टर घरी असतात, ऑर्डर फोनवर देतात. गेल्या आठवड्यात पुरुष वॉर्डातलं रात्री दहाचं अँटिबायोटिक मी पावणेबाराला दिलं, कारण साडेनऊपासून लेबर रूममध्ये होते. १०.०५ ला बाळ झालं आणि नंतर बाईला रक्तस्राव होत राहिला. सकाळी मला सांगण्यात आलं, 'दहाच लिही, उगाच प्रश्न नको.' मी लिहिलं. पेशंट बरा होऊन घरी गेला, पण मला झोप नाही. काही झालं असतं तर जबाबदार कोण? डॉक्टर, हॉस्पिटल की मी? आणि हे पटत नसेल तर नोकरी सोडू का?"

बाळा, मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मिळून ३२ वर्षं सरकारी नोकरी केली. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, पुढे परिसेविका झाले आणि अधिसेविका म्हणून निवृत्त झाले. मी वकील नाही. पण साक्षीदार म्हणून तीनदा कोर्टात उभी राहिले आहे. माझ्याच अक्षरातला केसपेपर हातात धरून समोरचे वकील एकेक ओळ विचारतात तेव्हा काय होतं, ते मला माहीत आहे. म्हणून आधी तुझ्या त्या कागदाबद्दल बोलते.

तुला उशीर झाला यात तुझी चूक नव्हती. बाळंतिणीला रक्तस्राव होत असताना तिला सोडून अँटिबायोटिक द्यायला जाणं हीच चूक ठरली असती. एका हाताने दोन वॉर्ड सांभाळणाऱ्या कुठल्याही शहाण्या नर्सने तेच केलं असतं, आणि त्याचा पुरावाही लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये आहे: बाळ १०.०५ ला, खाली तुझी सही. आता त्याच रात्रीची ट्रीटमेंट शीट बघ. इंजेक्शन १०.०० ला, पुरुष वॉर्ड, तिथेही तुझीच सही. डोकं बाहेर येत असलेल्या बाळाजवळ उभी असलेली बाई पलीकडच्या वॉर्डात सुई कशी टोचेल? वकील एवढा एकच प्रश्न विचारतो. त्यानंतर तू लिहिलेलं खरंही कोणी मानत नाही. त्या बाईचं दर पंधरा मिनिटांचं बीपी, रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन लावल्याची वेळ, डॉक्टरांना केलेला फोन, सगळ्यावर संशय येतो. उशिराचं कारण सांगता आलं असतं, खोट्या वेळेचं सांगता येत नाही. शिवाय जाणूनबुजून केलेली खोटी नोंद हा वेगळा गुन्हाही ठरू शकतो.

यात पेशंटचाही प्रश्न आहे. समज, सकाळच्या सिस्टरने शीटवर दहा वाचलं आणि सहाला पुढचा डोस दिला. तिच्या हिशोबाने अंतर आठ तासांचं, खरं अंतर सव्वासहा तासांचं. काही औषधांत एवढ्याने फरक पडत नाही. पण अ‍ॅमिकासिन किंवा जेंटामायसिन असेल आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असलेले म्हातारे आजोबा असतील, तर पडतो. ती सिस्टर तुझ्या आकड्यावर विश्वास ठेवून सुई भरते.

आता काय करायचं ते सांगते. दहाच्या आकड्यावर दुसरा आकडा गिरवू नकोस, व्हाइटनर लावू नकोस, पान फाडून नवं तर अजिबात लिहू नकोस. इन्चार्जला सांगून ती फाइल काढून घे आणि आजची तारीख, आत्ताची वेळ घालून लिही: "उशिरा केलेली नोंद. अमुक तारखेचा रात्री १० चा डोस प्रत्यक्षात ११.४५ ला दिला. कारण: प्रसूती आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव." खाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, सही. दहा लिहायला कोणी सांगितलं हे त्या कागदावर नको. केसपेपरवर फक्त पेशंटचं असावं. ते तू हॉस्पिटलला देण्याच्या वेगळ्या पत्रात लिही. पत्रात पेशंटचं नाव घालू नकोस, केसपेपर नंबर पुरे. पोच घेऊन प्रत घरी ठेव. फाइल द्यायला नकार मिळाला तरी ते पत्र दे.

जबाबदार कोण, हा तुझा मोठा प्रश्न. डॉक्टर, हॉस्पिटल की मी, असं तू विचारलंस. एकीवर आलं म्हणून दुसरा सुटतो असं कायद्यात नसतं, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं विचारलं जातं.

नुकसानभरपाई मागितली गेली तर नोकराच्या चुकीला मालक म्हणून हॉस्पिटल उत्तर देतं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या खटल्यात ठरवलं. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. तुझंही नाव तक्रारीत घालता येतं, पण पैशाचा भार बहुतेक वेळा हॉस्पिटलवर पडतो.

फौजदारी बाजू मात्र ज्याची त्याने उचलायची असते. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असं घडलं तर कमाल दोन वर्षं. ही सवलत कोणाला, याची व्याख्या तिथेच खाली दिली आहे: मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी असलेला आणि राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचं नाव परिचर्या परिषदेत असतं, त्या नोंदवहीत नसतं. म्हणजे एकाच प्रसंगात डॉक्टरांना कमाल दोन वर्षं आणि त्यांच्या सांगण्यावरून सुई टोचणारीला पाच, असं त्या कलमाचे शब्द सांगतात. मला हे अन्यायाचं वाटतं आणि आपल्या संघटनांनी ते लावून धरलं पाहिजे. पण ते बदलेपर्यंत तुला माहीत असायला हवं. दिलासा एवढाच की साधी चूक आणि गुन्हा यांत कोर्ट फरक करतं. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा ढोबळ, घोर हवा. निकालाची भाषा डॉक्टरांबद्दल आहे, पण मोजमाप कसं करायचं ते त्यातून कळतं: त्या पदावरच्या साधारण सक्षम माणसाने जी काळजी घेतली असती, ती घेतली होती का.

तिसरी तुझी नोंदणी. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखालची महाराष्ट्र परिचर्या परिषद गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव काढू शकते. तिथे डॉक्टर किंवा हॉस्पिटल तुझ्या बदली उभे राहू शकत नाहीत. देशपातळीवर १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूती आयोग कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. त्यावर लक्ष ठेव. आणि नूतनीकरणाची तारीख चुकवू नकोस. मुंबईला कागद पाठवायचे म्हणून राहून गेलं, असं सांगणाऱ्या कितीतरी जणी मला भेटल्या आहेत.

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं" हे वाक्य किती पुरतं ते बघायचं असेल तर स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा १९९८ चा निकाल माहीत करून घे. टायफॉइडचा लहान मुलगा. डॉक्टरांनी क्लोरॅम्फेनिकॉलचं इंजेक्शन लिहिलेलं. नर्सने वडिलांना आणायला सांगितलं लॅरिआगो, म्हणजे क्लोरोक्विन, आणि ते शिरेतून दिलं. मूल तिथल्या तिथे कोसळलं, हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स पात्रताधारक नव्हती हेही पुढे आलं. हॉस्पिटल, डॉक्टर आणि नर्स, तिघांचाही निष्काळजीपणा धरला गेला. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख भरपाई झाली. व्हायलवरचं नाव आणि कागदावरचं नाव शेजारी धरून वाचायला किती सेकंद लागतात?

तुझ्यासोबतची कामावर शिकलेली मुलगी इथे आठवली. कोकणातल्या लहान हॉस्पिटलांचा गाडा अशाच मुली ओढतात, गुणी असतात, माझा त्यांच्यावर राग नाही. तिला बेडपॅन, ताप बघणं, पेशंटला कुशीवर वळवणं हे सांग. इंजेक्शन, रक्त, सलाईनमध्ये औषध मिसळणं सांगू नकोस. आणि तिने दिलेल्या औषधापुढे तुझी सही तर कधीच नको. सही म्हणजे "मी दिलं". तिला आपला नोंदणी क्रमांक उसना दिलास तर तिची चूक तुझ्या नावावर जाते आणि ती मुलगीही उघड्यावर पडते.

फोनवरच्या ऑर्डरचं आता. मला त्या सरसकट चुकीच्या वाटत नाहीत. घाटाखाली, पावसात, रात्री दोनला त्या नसत्या तर माणसं मेली असती. पण फोन घेताना कागद-पेन हातात हवं. औषध, मात्रा, मार्ग, किती वेळाने, हे लिहायचं आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. "पन्नास" आणि "पंधरा" फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून आकडे सुटे सांगायचे: पाच-शून्य. फोनची वेळ लिहायची. मावशीला नाही, जमेल तर दुसऱ्या शिकलेल्या माणसाला ऐकवायचं. सकाळी डॉक्टर आले की त्यावर सही घ्यायची. बहुतेक हॉस्पिटलांत यासाठी २४ तासांची मुदत असते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर केसपेपरवर उतरवल्याशिवाय ऑर्डर धरू नकोस.

ऑर्डर पाळली की आपलं काम झालं, हा समज माझाही होता. तो एका रात्री गेला. पावसाळ्याचे दिवस, भातलावणी चालू. पहाटे तीनला एका तरुणाला आणलं, पोटात दुखतंय म्हणून. ताप नाही, उलटी एकदा. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पित्तावरचं रॅनिटिडिन सांगितलं. दिलं, लिहिलं. अर्ध्या तासाने सलाईन बघायला गेले तर तो माझ्याकडे मान वर करून बघत होता. झोप आली असेल म्हणून मी सोडून देणार होते. पण पापण्या अर्ध्याच उघडत होत्या. म्हटलं, "वर बघ." त्याने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर गेल्या, पापण्या तिथेच. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले, सातवर थांबला. मी विचारलं, "झोपला होतास कुठे?" त्याची आई म्हणाली, "भुयार, पडवेत." जमिनीवर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण कधीकधी दिसत नाही, सूज नसते, आणि सुरुवात पोटदुखीने होऊ शकते, हे शिकले होते. आठवलं मात्र त्या पापण्या बघून.

मी परत फोन केला. फोनवर जी नाराजी ऐकू आली ती आली. मी सांगितलं, "सर, पापण्या पडतायत, मोजणी सातवर आहे, मला मण्यार वाटते, तुम्ही आत्ता या." ते आले, त्या पावसात स्कूटरवरून. सर्पविषविरोधी लस लागली, अ‍ॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून मी उशाशी ठेवलं, कारण त्या लसीची रिअ‍ॅक्शन मिनिटांत येते. करूळ घाटातून कोल्हापूरला नेताना जीपमध्ये मागच्या सीटवर मी आणि वॉर्डबॉय आलटून पालटून अँबू, म्हणजे श्वास द्यायची पिशवी, दाबत होतो. बाराव्या दिवशी तो चालत परत आला. त्या रात्रीच्या माझ्या नोंदी तीन ओळींच्या आहेत: ३.१० ला फोन, ऑर्डर, ३.४५ ला पापण्या, मोजणी ७, परत फोन, ४.०५ ला डॉक्टर हजर. त्या दुसऱ्या फोनला कायद्यात आणि आपल्या पेशाच्या धर्मात, दोन्हीकडे, परिचारिकेचं कर्तव्य म्हणतात. निदान करणं आपलं काम नाही, बदल ओळखून तो डॉक्टरांपर्यंत पोचवणं आपलं आहे. डॉक्टर आले नाहीत तर वरच्याला, तोही नसेल तर १०८ ला. आणि प्रत्येक फोनची वेळ लिहून.

त्याच पहाटे घरचे पेशंटला देवळात न्यायला निघाले होते. अशा वेळी कुचेष्टा करू नये, माणसं घाबरलेली असतात. मी म्हटलं, "गाऱ्हाणं घरच्या वडील माणसाने जाऊन घालावं, झील हयच ऱ्हवांदे." म्हणजे मुलगा इथेच राहू दे. दोन माणसं देवळात गेली, तो खाटेवर राहिला. आता तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या यादीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हाच आहे. पण गाऱ्हाणं घालणं गुन्हा नाही, रोखणं गुन्हा आहे, हा फरक घरच्यांना समजावून सांगितला की ते ऐकतात. शुद्धीत असलेला सज्ञान माणूस स्वतःच घरी जातो म्हणाला तर त्याला बांधून ठेवता येत नाही. धोका त्याच्या भाषेत सांगायचा, डॉक्टरांना बोलवायचं, सही घ्यायची, आणि सही दिली म्हणून रागाने कागद न देता पाठवायचं नाही. औषधांची चिठ्ठी, परत कधी यायचं, कुठली लक्षणं दिसली तर धावत यायचं, हे सगळं द्यायचं.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीला चार वर्षं झाली होती. आपल्याकडे अख्खी वाडी एका आडनावाची, आणि नावंही देवांचीच. स्त्री वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन बायका, नाव एक, आडनाव एक, वाडी एक. एकीला मधुमेह, दुसरी जखमेच्या ड्रेसिंगला आलेली. मी नावाने हाक मारली, "ओ" म्हणाली तिला इन्सुलिन दिलं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवताना पलीकडची म्हणाली, "बाय, माझा इंजेक्शन ऱ्हवला मगो?" माझे हातपाय गार पडले. ट्रेमध्ये रिकामी सिरिंज होती आणि वॉर्डात मी सोडून कोणालाच ते ठाऊक नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं.

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी साखर तपासायला लावली, २५ टक्के डेक्स्ट्रोज तयार ठेवायला सांगितलं, आणि इन्सुलिनचा जोर काही तास टिकतो म्हणून मी रात्रभर तासातासाला तिच्या उशाशी गेले. एकदा साखर उतरली, तेव्हा शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं. सकाळी मी तिला स्वतः सांगितलं की रात्री चुकीचं इंजेक्शन माझ्या हातून गेलं. ती म्हणाली, "म्हणान काय माका रातभर साखरेचा पाणी पाजलास?" मला लेखी ताकीद मिळाली, ती सेवापुस्तकात होती, आणि ती मिळायलाच हवी होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणालाही नावाने हाक मारून औषध दिलं नाही. पेशंटलाच पूर्ण नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव विचारायचं आणि केसपेपर नंबर जुळवायचा. "तुमीच ना त्या?" असं विचारलं की अर्ध्या झोपेतलं माणूस कशालाही हो म्हणतं.

संमतीबद्दल तू विचारलं नाहीस, पण लेबर रूममध्ये आहेस म्हणून सांगते. आपल्याकडे नवरा मुंबईला. बाळाचे ठोके उतरतात, डॉक्टर सिझर ठरवतात, आणि सासू म्हणते, "झील मुंबैक आसा, तेका इचारल्याशिवाय सय करूची नाय." फोन लागत नाही, घड्याळ पुढे जातं. त्या वेळी खाटेवरची बाई १८ वर्षांच्या वरची आणि शुद्धीत असते. सही तिची लागते. नवऱ्याला कळवावं, सासूला समजवावं, पण त्यांच्या होकारासाठी बाळ अडवून ठेवायला कायदा सांगत नाही. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःचीच संमती लागते. समजावून सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, तुझं काम साक्षीदाराचं. साक्ष याची की तिला तिच्या भाषेत सांगितलं गेलं आणि तिने राजीखुशीने सही केली. समोर न घडलेल्या गोष्टीवर साक्षीची सही करू नकोस. एका कामासाठी घेतलेली सही दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, जीव वाचवायचाच असेल तर गोष्ट वेगळी, असं समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे.

गोपनीयता शहरात पाळायला सोपी, गावात अवघड. एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते, "काल आमच्या वाडीतला कोण इला होता गो तुमच्याकडे?" ती वाईट नसते, तिला काळजी असते. मी एकच उत्तर ठरवलं होतं: "हॉस्पिटलातलं मी बाहेर बोलत नाही, तुमचंही नाही बोलणार." दुसरं वाक्य ऐकलं की कोणी रागावत नाही. नव्वदच्या दशकात खाटेवर लाल अक्षरात "पॉझिटिव्ह" लिहिलेलं मी बघितलं आहे. अख्ख्या गावाने ते वाचलं, आणि त्या माणसाची गावातली उठबस संपली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशी माहिती परवानगीशिवाय उघड करायला बंदी आहे. हातमोजे सगळ्यांसाठी घालायचे, म्हणजे खूण करायची गरजच उरत नाही. गर्भपात करून घेणाऱ्या बाईची ओळख सांगितली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची सांगितली तर दोन वर्षांपर्यंत. आणि बाळाचा, जखमेचा, चावलेल्या सापाशेजारच्या पेशंटचा फोटो स्टेटसला ठेवू नकोस. आवडीने ठेवतात, मला माहीत आहे. तरी नको.

जिथे सांगावंच लागतं असंही आहे. १८ च्या आतली मुलगी गरोदर आली, लग्न झालेलं असो वा ठरलेलं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ तुला बोलायला लावतं. ते बंधन डॉक्टरांपुरतं नाही, ज्याला कळलं त्या प्रत्येकावर आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. तिची आई पाया पडते, "नाव जायत, बाय." माझ्याही पाया पडली आहे. त्या वेळी मला वाटलं होतं की कायदा या मुलीला वाचवतोय की बुडवतोय. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये थोडी वाट दिली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरांनी तिची ओळख देण्याची सक्ती नाही. हे त्या आईला तू समजावून सांगू शकतेस. घाबरून ती मुलीला कुठल्यातरी चोरट्या ठिकाणी नेणार असेल तर या एका माहितीने मुलीचा जीव वाचतो.

तुझ्या बाजूचाही कायदा आहे. हॉस्पिटलात नर्सला मारहाण, तोडफोड झाली तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा लागतो. गुन्हा अजामीनपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कामाच्या जागी कोणी अंगाशी येत असेल तर २०१३ च्या कायद्याने तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या हॉस्पिटलात अंतर्गत समिती नसते, अशा वेळी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुदत तीन महिन्यांची. हे सांगताना मला अरुणा शानबाग आठवते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली परिचारिका, २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलमध्येच तिच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ ला ती गेली. मधली ४१ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला आंघोळ घातली, भरवलं. २०११ मध्ये दयामरणाचा अर्ज आला तेव्हा तिच्या वतीने बोलायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने त्या हॉस्पिटलच्या कर्मचाऱ्यांना दिला. कुठल्याही कलमाने त्यांच्यावर ती सेवा लादली नव्हती. पण एक परिचारिका हॉस्पिटलातच असुरक्षित होती हेही त्या गोष्टीचंच आहे. रात्री लेबर रूम ते पुरुष वॉर्डाच्या वाटेवर दिवा नसेल तर तो मागणं हा तुझा हक्क आहे, लेखी माग.

नोकरी सोडू का? आज नको. आधी ती उशिराची नोंद कर. मग एक पत्र दे: रात्री दोन वॉर्ड आणि लेबर रूम मिळून नोंदणीकृत नर्स एकच असते, अमुक तारखेला त्यामुळे औषधाला पावणेदोन तास उशीर झाला, दुसरी नर्स किंवा प्रसूतीच्या वेळी बोलावता येईल अशी व्यवस्था करावी. भाषा मऊ ठेव, तारखा पक्क्या ठेव. तिसरं, पुढच्या वेळी "दहाच लिही" असं कोणी म्हणालं तर म्हण, "सर, पावणेबाराला दिलं, पावणेबाराच लिहिते, उशिराचं कारणही लिहिते." आवाज चढवू नकोस. बऱ्याचदा समोरचा माणूस तिथेच गप्प होतो, कारण त्यालाही ते बरोबर नाही हे माहीत असतं.

तरीही दर महिन्याला हेच चालू राहिलं तर मात्र सोड. नोटीस दे, कामाचा ताबा नीट दे, अनुभवाचा दाखला आणि पगाराच्या पावत्या घे, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र त्यांच्याकडे ठेवलेलं असेल तर पहिलं ते परत माग. ते अडवून ठेवायचा हक्क कोणालाही नाही. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत नोंदणी असलेल्या मुली सगळ्यांना हव्या आहेत. नव्या ठिकाणी मुलाखतीला गेलीस की पगार विचारायच्या आधी विचार, रात्री किती खाटांना किती नर्स असतात आणि डॉक्टर किती मिनिटांत येतात.